थांबण्याची किंमत



चंद्रपूर-गडचिरोलीत मणक्याच्या दुखण्याविषयी बोलायचे, तर पहिले नाव बाबा आमट्यांचे घ्यावे लागते. वरोऱ्याला आनंदवन उभे करणाऱ्या या माणसाला मणक्याच्या विकाराने असे जखडले होते की त्यांना बसता येत नसे. एक तर उभे राहायचे, नाही तर आडवे व्हायचे. १९८५ साली कन्याकुमारीहून निघालेली भारत जोडो यात्रा त्यांनी गाडीतल्या बिछान्यावर पडून केली. ते दुखणे साऱ्या देशाने पाहिले. पण त्याच वर्षांत मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडच्या बांध्यांमध्ये, आरमोरी-धानोऱ्याच्या रानात, बल्लारपूर-राजुऱ्याच्या कोळसा खाणींवर किती पाठी मोडत होत्या, किती जणांच्या कंबरेतून निघालेली कळ थेट पायाच्या अंगठ्यापर्यंत जात होती, याची नोंद कोणाकडे होती? कोणाकडेच नव्हती. बाईची कंबर दुखायचीच, म्हाताऱ्याचा पाय ओढायचाच, असे आपण सगळे धरून चाललो होतो. जे दुखणे सगळ्यांनाच असते ते आजार म्हणून मोजायचे कोणाला सुचत नाही.

ते मोजायचे सुचले गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ पासून इथे ‘सर्च’ संस्थेतून जे काम केले, त्यातला बालमृत्यूचा भाग आपल्याला ठाऊक आहे. त्याआधीचा एक धडा मात्र आपण विसरतो. १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा अभ्यास छापून आला. दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, तेव्हा ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग आढळला होता. दवाखान्यात न आलेले दुखणे गावात जाऊन शोधले की ते कुठल्या प्रमाणात सापडते, हे त्या पाहणीने जगाला दाखवले. पुढे हीच पद्धत पाठीच्या दुखण्याला लावली गेली. मुंबईचे मणक्याचे शल्यचिकित्सक डॉ. शेखर भोजराज आणि त्यांची स्पाइन फाउंडेशन ‘सर्च’बरोबर उभी राहिली, ‘सर्च’च्या शोधग्राम इथल्या दवाखान्यात मणक्याची शिबिरे आणि शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि दोन गावांत घरोघर जाऊन प्रौढ माणसांना विचारले गेले की कुठे दुखते, किती दिवस दुखते, कामाचे काय होते. २०२१ साली तो अभ्यास प्रसिद्ध झाला. गावातल्या निम्म्याहून अधिक प्रौढांना वर्षभरात पाठदुखीने गाठले होते. जगाच्या आजारांचा हिशेब मांडणारे शास्त्रज्ञही सांगतात की माणसाला जिवंतपणी अपंग करणाऱ्या कारणांत कंबरदुखीचा क्रमांक पहिला आहे. तेव्हा हे शहरातल्या खुर्चीत बसणाऱ्यांचे दुखणे आहे, ही समजूत इथेच सोडून देऊ.

पण मोजणी ही सुरुवात झाली. एवढ्या मोठ्या संख्येपुढे उपचार कोणता, शस्त्रक्रिया कोणाची आणि कधी, हा आजचा माझा विषय आहे. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत शस्त्रक्रियेची टंचाई आहेच. तिच्याहून मोठी टंचाई आहे ती निवडीची. थांबले तर आपोआप बरे होतील असे बहुसंख्य रुग्ण आणि एक रात्रही थांबता कामा नये असे थोडे रुग्ण, यांना वेगळे करणारा माणूस गावाजवळ नाही. तो मिळाला नाही, तर नागपूरला कितीही चांगले शल्यचिकित्सक असले तरी ते चुकीच्या माणसांवर, चुकीच्या वेळी शस्त्रक्रिया करत राहतील.

आधी दुखणे समजून घेऊ. आपल्याकडे म्हणतात ‘गादी सरकली’, ‘नस दबली’, ‘मणक्यात गॅप आला’. यातले पहिले दोन शब्द बरेच जवळचे आहेत. दोन मणक्यांमधल्या चकतीच्या आत मऊ गर असतो आणि बाहेर चिवट कडे असते. कडे फाटले की गर मागे येतो आणि तिथून पायाकडे निघालेल्या नसेच्या मुळाला टेकतो. मग कंबरेपेक्षा पाय जास्त दुखतो, मुंग्या येतात, पोटरी जड होते. १९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर आणि बार या दोन शल्यचिकित्सकांनी हे दाखवून दिले. त्याआधी असे तुकडे काढले जात, पण ते गाठ समजून. त्या एका निबंधाने मणक्याच्या शस्त्रक्रियेचे युग सुरू झाले, आणि त्याबरोबरच एक सरधोपट समजूतही रुजली: तुकडा दाबतोय, तुकडा काढा. पुढच्या संशोधनाने ही समजूत बरीच सैल केली. १९९३ साली स्वीडनमध्ये डुकरांवर प्रयोग झाला. चकतीतला गर नसेच्या मुळावर कुठलाही दाब न देता नुसता ठेवला, तरी नस बिघडली. म्हणजे दाबाबरोबर दाहही आहे. दाह ओसरतो. शिवाय बाहेर पडलेला तुकडा शरीरातल्या पेशी हळूहळू खाऊन टाकतात, आणि मोठा, पूर्ण सुटलेला तुकडा बहुधा जास्त विरघळतो. चित्र पाहून जो रुग्ण सर्वांत भयंकर वाटतो, त्याचा तुकडा सर्वांत आधी नाहीसा होण्याची शक्यता असते.

मग चित्र काय सांगते? १९९४ साली अमेरिकेत ९८ माणसांच्या कंबरेचा एमआरआय काढला गेला. यातल्या कोणालाही पाठदुखी नव्हती. तरीही निम्म्याहून अधिक जणांच्या निदान एका चकतीला फुगवटा होता आणि चौथ्या हिश्शाहून अधिक जणांची चकती पुढे आलेली होती. म्हणजे हातात अहवाल घेऊन ‘गॅप आला’ म्हणत शेत विकायला निघालेल्या माणसाच्या अहवालातले निम्मे शब्द, ज्याला काहीच दुखत नाही अशा त्याच्या शेजाऱ्याच्या अहवालातही निघाले असते. मी एमआरआयच्या विरुद्ध नाही. शस्त्रक्रिया ठरली की तो लागतोच. पण तो प्रश्नाचे उत्तर आहे. प्रश्न आधी कोणीतरी नीट विचारलेला असावा लागतो. तो प्रश्न विचारायला खाट पुरते. रुग्णाला उताणे झोपवा, गुडघा सरळ ठेवून पाय हळूहळू वर उचला; कळ मांडीतून पोटरीखाली गेली का पाहा. पायाचा अंगठा वर ओढायला सांगा आणि आपल्या बोटाने तो खाली दाबा. तो टिकतो का? टाचांवर चार पावले, चवड्यांवर चार पावले. बसायच्या जागेवर कापसाचा बोळा फिरवा, कळतो का विचारा. लघवी नीट होते का विचारा. या सगळ्याला दहा मिनिटेही लागत नाहीत. पाय उचलून पाहण्याची ही परीक्षा ज्यांच्या नावाशी जोडली जाते त्यांत लाझा लाझारेविच हा सर्बियाचा एक मोठा कथाकारही होता, हे जाता जाता सांगतो. लोकांचे बोलणे कान देऊन ऐकणाऱ्या माणसाला ही परीक्षा सुचली, याचे मला नवल वाटत नाही.

आता शस्त्रक्रियेकडे येऊ. नॉर्वेच्या वेबर यांनी शस्त्रक्रिया झालेले आणि न झालेले असे दोन गट ताडून १९८३ साली जो अभ्यास मांडला त्यात पहिल्या वर्षी शस्त्रक्रिया झालेले रुग्ण पुढे होते. चार वर्षांनी दोन्ही गटांत लक्षात घेण्याजोगा फरक उरला नाही. २००६ च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात चिठ्ठ्या टाकून गट पाडले, पण लोकांनी चिठ्ठी मानली नाही. ज्यांना शस्त्रक्रिया नेमून दिली त्यांतल्या अनेकांनी बरे वाटू लागल्याने ती टाळली, आणि ज्यांना थांबायला सांगितले त्यांतल्या अनेकांनी दुखणे असह्य होऊन ती करून घेतली. सर्वांत स्पष्ट उत्तर आले २००७ साली हॉलंडमधून. सहा ते बारा आठवडे तीव्र सायटिका, म्हणजे पायात उतरणारी नसेची कळ, असलेले २८३ रुग्ण घेतले. अर्ध्यांवर लगेच शस्त्रक्रिया, अर्ध्यांना थांबवून औषधे, आधार आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना पुढे शस्त्रक्रिया लागलीच. पण वर्षअखेर दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे होते. फरक कुठे पडला? वेगात. शस्त्रक्रियेच्या गटातला मधला रुग्ण ४ आठवड्यांत बरा झाला, थांबलेल्या गटातला सुमारे १२ आठवड्यांत.

हा निष्कर्ष जगभरच्या परिषदांमध्ये ‘घाई करू नका, शेवट सारखाच आहे’ अशा शब्दांत सांगितला जातो. हॉलंडसाठी तो योग्य असेल. तिथे आजारी माणसाला पगारी रजा असते. पण हीच आकडेवारी सिंदेवाहीच्या बांधीत उभी राहून वाचा. आषाढ-श्रावणात रोवणी असते. बाई घोटाभर चिखलात उभी, कंबरेतून पूर्ण वाकलेली. डाव्या हातात पऱ्ह्यांची पेंढी, उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटे रोप चिखलात खोचतात, आणि एकेक पाऊल मागे सरकते. सकाळपासून संध्याकाळपर्यंत हेच. वाकून, पुढे हात करून, वजन पेलताना चकतीच्या आतला दाब किती चढतो हे स्वीडनच्या नाखेमसन यांनी गेल्या शतकाच्या साठीच्या दशकात चकतीत सुई घालून मोजून ठेवले आहे. या रोवणीच्या तोंडावर ज्या बाईची नस दबली, तिच्यासाठी ४ आणि १२ आठवडे यांतला फरक केवढा? तो अख्खा हंगाम आहे. चैत्रातला मोह वेचणे, वैशाखातला तेंदूपत्ता, ७० पानांचा एकेक पुडा बांधणे, ही कामेही अशीच थोड्या दिवसांची असतात. वर्षअखेर ती बरी होईल, हे खरे. पण वर्षअखेर तिच्या घरात सावकाराचे कर्ज असेल, तेही खरे. संशोधनाने जे मोजले ते बरोबर मोजले. थांबण्याची किंमत कोण भरतो, एवढे मोजले नाही.

यावरून कोणी म्हणेल की मग सर्वांची लगेच शस्त्रक्रिया करा. नाही. तोही हिशेब पूर्ण मांडा. नागपूरची फेरी, बरोबर दोन माणसे, त्यांची बुडालेली मजुरी, घरची जनावरे कोण बघणार, शस्त्रक्रियेनंतरचे विश्रांतीचे दिवस, आणि थोड्या जणांना पुन्हा करावी लागणारी शस्त्रक्रिया. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत, म्हणजे २०१२ साली ‘राजीव गांधी जीवनदायी’ या नावाने गडचिरोलीसह आठ जिल्ह्यांत सुरू झालेल्या योजनेत, रुग्णालयातल्या उपचाराचे पैसे सरकार भरते. हे मोठे काम आहे. पण ती योजना रुग्णालयात दाखल झालेल्या माणसासाठी आहे. जो सहा आठवडे घरी राहून बरा होऊ शकतो त्याला समजावणारा माणूस, व्यायाम शिकवणारी नर्स, आठवड्याने पुन्हा येऊन अंगठ्याची ताकद पाहणारी आशाताई, यांचे पैसे त्यातून येत नाहीत. जिथे पैसे शस्त्रक्रियेचेच मिळतात, तिथे निवड शस्त्रक्रियेकडे कलणार. यात कोणा डॉक्टरचा दोष नाही. रचनाच तशी आहे.

उलट बाजूने, फार थांबणेही धोक्याचे आहे. २०२० साली कॅनडात १२८ रुग्णांवर अभ्यास झाला. यांचे पाय चार महिने ते वर्षभर दुखत होते. शस्त्रक्रिया झालेल्यांचे पायाचे दुखणे सहा महिन्यांनी १० पैकी २.८ वर आले, न झालेल्यांचे ५.२ वर राहिले. सहा आठवडे थांबणे शहाणपणाचे, पण एकदा चार महिने उलटले की आपोआप बरे होण्याची आशा आटत जाते. आपल्या रानातला माणूस कधी येतो? वैदू झाला, चोळून झाले, डाग देऊन झाला, तालुक्याला इंजेक्शने घेऊन झाली, गोळ्यांनी पोट जळू लागले, आणि मग. थांबण्याच्या शास्त्राचा फायदा त्याला मिळतच नाही. मिळतो तो फक्त उशीर.

या सगळ्यावर एक वजनदार आक्षेप घेतला जातो, आणि तो इथल्याच लोकांचा आहे. मलेरिया आहे, कुपोषण आहे, क्षयरोग आहे, सिकलसेल आहे. पाठीने कोणी मरत नाही, तुम्ही पाठ कसली घेऊन बसलात? मी उत्तर असे देतो की यातले अर्धे आजार पाठीतूनच बोलतात. क्षयरोग मणक्यात उतरतो. माणूस महिनोन्‌महिने ‘कंबर दुखते’ म्हणत हिंडतो, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरते, आणि एक दिवस दोन्ही पाय लुळे पडतात. सिकलसेलमध्ये हाडाचा रक्तपुरवठा अडून मणके दुखतात, आणि त्याला कोणी साधी कंबरदुखी समजून गोळ्या देतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. वर्षानुवर्षे ते पोटात गेले की मणक्यांना जोडणारे बंध हाडासारखे टणक होतात, कणा लाकडासारखा ताठ होतो आणि मज्जारज्जूची जागा आवळली जाते. तेव्हा या जिल्ह्यांत पाठ नीट तपासणे म्हणजे त्याच मोठ्या आजारांना लवकर पकडणे आहे. शहरातल्या पुस्तकात ‘शंभरात नव्वद जणांची कंबरदुखी साधी’ असे लिहिलेले असते. ते वाक्य इथे उचलून आणताना जपून आणावे लागते.

क्षयरोगाचा विषय निघालाच आहे, तर भारतीय संशोधनातले एक उजळ पान तुमच्यापुढे ठेवतो, कारण माझ्या म्हणण्याचा मूळ आधार तोच आहे. १९५६ साली हाँगकाँगचे हॉजसन आणि स्टॉक यांनी मणक्याच्या क्षयासाठी पुढच्या बाजूने जाऊन सडलेला भाग पूर्ण काढण्याची मोठी शस्त्रक्रिया मांडली. ती उत्तम होती; पण तिला तसे हात, तशी भूल, तसे रुग्णालय लागत होते. भारतात रुग्ण हजारोंनी होते आणि खाटा मोजक्या. बनारसच्या डॉ. सु. म. तुली यांनी यातून १९७५ साली ‘मध्यममार्ग’ मांडला: औषधे सर्वांना, शस्त्रक्रिया मात्र नेमक्या कारणांसाठी, आणि ती कारणे आधी लिहून ठेवलेली. औषध घेऊनही लुळेपणा वाढत असेल, निदान पक्के होत नसेल, गळू वाढत असेल, तर शस्त्रक्रिया. बाकीच्यांना औषधांनीच बरे होऊ द्या. निष्कर्ष असे आले की जगाने ते मान्य केले. लक्षात घ्या, हे टंचाईत केलेले समाधान नव्हते. टंचाईने एक प्रश्न नीट विचारायला लावला आणि श्रीमंत देशांनाही उपयोगी पडेल असे उत्तर हाती आले. पायात उतरणाऱ्या नसेच्या दुखण्यासाठी असाच मध्यममार्ग गडचिरोलीने का लिहू नये? कोणाला सहा आठवडे, कोणाला हंगाम पाहून लवकर, कोणाला त्याच दिवशी, अशी कारणे इथल्या कामावर, इथल्या अंतरांवर तपासून कोणी लिहायची? ती बॉस्टनला लिहिली जाणार नाहीत.

दुसरा आक्षेप डॉक्टर मंडळींचा असतो: हे गावातल्या कार्यकर्तीला जमायचे नाही. हाच आक्षेप नवजात बाळांच्या बाबतीत घेतला गेला होता. १९९९ साली गडचिरोलीच्या ३९ गावांतला अभ्यास छापून आला. थोडे शिकलेल्या गावातल्याच आरोग्यदूतांनी घरी जाऊन बाळांची काळजी घेतली, जंतुसंसर्ग ओळखला, इंजेक्शन दिले, आणि नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. ज्या हातांनी तीन दिवसांच्या बाळाचा श्वास मोजला त्या हातांना अंगठ्याची ताकद पाहता येणार नाही? मला हे पटत नाही. तिने निदान करायचे नाही, नसेचे नाव सांगायचे नाही. तिने एवढेच ठरवायचे की हा माणूस घरी राहू शकतो, याला आठवड्याने पुन्हा पाहायचे आहे, की याला आजच पाठवायचे आहे. आणि घरी राहणाऱ्याला खाटेला खिळवू नका. १९९९ सालच्या हॉलंडमधल्या अभ्यासात १८३ रुग्णांपैकी अर्ध्यांना पूर्ण विश्रांती दिली, अर्ध्यांना नाही. बारा आठवड्यांनी दोन्ही गटांत सारखेच, ८७ टक्के लोक सुधारले होते. झेपेल तेवढे चालू द्या.

तिसरा आक्षेप मला सर्वांत विचार करायला लावतो. वाकण्याच्या कामानेच पाठ जाते, तर उपचारांपेक्षा काम बदला, असे म्हणणारे आहेत. फिनलंडच्या जुळ्या भावंडांवरच्या अभ्यासात असे दिसले की चकती झिजण्यात कामाच्या ओझ्यापेक्षा अनुवंशाचा वाटा मोठा आहे. म्हणजे काम सोडले की पाठ वाचली, असे सरळ गणित नाही. पण चकती झिजणे वेगळे आणि त्या चकतीसह दिवसभर वाकावे लागणे वेगळे. खाणीतल्या डंपरचे हादरणारे आसन, डोक्यावरची सरपणाची मोळी, विहिरीवरून आणलेले पाणी, यांतले बरेच काही आजही बदलता येते, आणि त्यासाठी कुठल्या नव्या अभ्यासाची वाट पाहायची गरज नाही.

जाता जाता इथल्या डॉक्टरांना आणि सरकारला माझी विनंती आहे. पाठीच्या प्रत्येक रुग्णाच्या कागदावर दोन तारखा लिहा: दुखणे कधी सुरू झाले आणि तो माणूस कामावर परत कधी गेला. चंद्रपूरला २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथल्या विद्यार्थ्यांनी या दोन तारखा पाच वर्षे जमवल्या, तरी जगात कोणाकडे नाही अशी माहिती आपल्याकडे असेल.

आणि श्रोत्यांना एवढेच सांगतो. घरातल्या किंवा गावातल्या कोणाची कंबर दुखत असताना लघवी अडली, बसायची जागा बधिर झाली, किंवा पाऊल अचानक लोंबू लागले, तर मालीश करू नका, सकाळ होण्याची वाट पाहू नका. नसांचा जुडगा दबलेला असतो, आणि तो मोकळा करायला हातात दोन दिवस असतात, त्याहून जास्त नाहीत. सिरोंचा-भामरागडहून शल्यचिकित्सकापर्यंत पोचण्यातच त्यांतला मोठा भाग जातो. १०८ ला त्याच रात्री फोन करा.